दोनच्या ट्राममधली माणसं

१

माझं काम माणसं मोजण्याचं होतं.

मार्गित पुलाच्या बुदा बाजूला ट्राम थांबते, तिथल्या लाकडी खोलीत माझं टेबल होतं. शेगडीकडची बाजू माझी, खिडकीकडची आमच्या कोरान्यी साहेबांची. दिवसातून पाच वेळा पेश्तहून पिवळी ट्राम यायची. ती तिकडून निघाली की तिकडचा कारकून फोनवर चढलेल्या माणसांचा आकडा सांगायचा. पूल ओलांडून ट्राम आली की मी दाराशी उभी राहून उतरणारी माणसं मोजायची, प्रत्येकाच्या परवान्याचा अर्धा तुकडा पेटीत टाकून घ्यायची आणि माझा आकडा फोनवर सांगायची. दोन्ही आकडे जुळले की तिकडचे रशियन आणि इकडचे अमेरिकन शिपाई आपापल्या सिगारेटी पेटवायचे.

युद्ध चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत संपलं. जर्मनांनी आठवड्याभरात शस्त्रं खाली ठेवली, आणि मोकळ्या झालेल्या मुलखाकडे दोन बाजूंनी दोन फौजा धावत सुटल्या. आमच्या शहरात त्या समोरासमोर आल्या तेव्हा मध्ये डॅन्यूब नदी होती. पूर्वेचं पेश्त रशियनांकडे गेलं, पश्चिमेचं बुदा अमेरिकनांकडे. शहरातला एकही पूल पडला नाही, एकही गल्ली जळली नाही. आपल्याइतकं नशीबवान शहर नाही, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे. माझी आई पेश्तच्या दफनभूमीत आणि मी बुदात, एवढंच काय ते आठ वर्षं चाललं होतं.

तिकडच्या कारकुनाचं नाव गाश्पार. हे नाव मला सहा महिन्यांनी कळलं, कारण फोनवर आकड्याशिवाय काही बोलायची बंदी होती. मध्ये कुणीतरी ऐकत असायचं. पण आवाज तर लपत नाही ना. सकाळी तो घोगरा असायचा, जेवणानंतर सुस्त. एकदा ऑक्टोबरात तो म्हणाला, "चौतीस." मग थोडं थांबून, "छत्री."

मी खिडकीबाहेर पाहिलं. पेश्तवर काळे ढग भरून आले होते आणि आमच्याकडे सरकत होते. घरी जाताना मी छत्री नेली.

दुसऱ्या दिवशी त्याला खोकला होता. मी आकडा सांगितला आणि म्हणाले, "मफलर."

त्यानंतर रोज एक शब्द. जास्त नाही, एकच. ऐकणाऱ्याने कधी हरकत घेतली नाही. त्यालाही कंटाळा येत असेल. 'चेस्टनट.' 'गुडघा.' 'बर्फ.' एकदा त्याच्या वाढदिवसाला त्याने आपलं वय सांगितलं, 'चाळीस', तर मी घाबरले, कारण ट्राममध्ये बावीसच माणसं होती.

"तुमचं लग्न टेलिफोनशी लागलंय, सारोल्ताबाई," कोरान्यी साहेब म्हणायचे. "एकदा तरी त्याच्याबरोबर फिरायला जा. वायर लांब आहे."

२

बावन्न सालचा ऑक्टोबर. दुपारची दोनची ट्राम.

"एकोणचाळीस," गाश्पार म्हणाला. "सूप."

ट्राम आली, मी माणसं मोजली. चाळीस.

चुकले असेन, असं वाटलं. आठ वर्षांत मी चुकले नव्हते, पण कधीतरी चुकणारच. माणसं अजून फाटकापाशी रांगेत होती; मी पुन्हा मोजली. चाळीस. पेटीतले तुकडे काढून मोजले. तेही चाळीस, सगळ्यांवर दोन्हीकडचे शिक्के. कुणाला उचलून बाजूला काढावं असं एकही माणूस त्यात नव्हतं. प्रत्येकाला घ्यायला कुणी ना कुणी आलं होतं. बायका गळ्यात पडत होत्या, पोरं खिशात हात घालत होती.

म्हणजे तो चुकला होता. एक माणूस न मोजता पुलावर सोडणं म्हणजे तिकडे काय, हे मला ठाऊक होतं. त्याच्या आधीचा कारकून असाच एका दुपारी दिसेनासा झाला होता.

मी फोन उचलला. माझ्याकडून क्षणभर बोलणंच झालं नाही. मग म्हणाले, "एकोणचाळीस."

वहीतही तेच लिहिलं. जास्तीचा एक तुकडा काढून डब्यात, पावाखाली लपवला. कुठला काढावा हा प्रश्न आला नाही. त्यातला एकच ओला होता.

घरी जाऊन तो शेगडीवरच्या पत्र्यावर वाळत ठेवला. शाई इतकी पसरली होती की नाव लागत नव्हतं. बाहेर पाऊस नव्हता, आठवडाभर नव्हता. कुणाच्या तरी पिशवीत दुधाची बाटली फुटली असेल, मी स्वतःला सांगितलं. सकाळी उठून पाहिलं. पत्रा गरम होता, शेजारचा टॉवेल कडक वाळला होता, आणि तो चिटोरा तसाच ओला, खाली चमचाभर पाणी.

मी ते बोटाने पुसलं. वास नदीचा होता.

३

तो पहिला दिवस धरून तीन आठवड्यांत हे अकरा वेळा झालं. दर वेळी दोनच्याच ट्रामला, दर वेळी एक माणूस जास्त. मी दर वेळी त्याचाच आकडा लिहिला.

आता मी माणसांकडे पाहायला लागले. इतकी वर्षं मी फक्त खांदे मोजले होते. जास्तीचा कोण ते ओळखता येईल, असं वाटायचं. कुणीतरी गप्प असेल, पांढराफटक असेल. तसं काही नव्हतं. सगळे हसत-भांडत उतरायचे. एकदा एका गृहस्थाच्या विजारीचं टोक भिजलेलं दिसलं, तर तो बायकोला आनंदाने ओरडत होता, "अगं, दार उघडं टाकून आलीस की काय?"

विल्मा मावशी मात्र ओळखीच्या. सत्तरीच्या, ठेंगण्या. दर गुरुवारी दोनच्या ट्रामने नातवाकडे यायच्या आणि टोपलीतून खसखस भरलेल्या गोड पावाची चकती माझ्या हातावर ठेवायच्या. "खा गं, नुसती हाडं राहिलीत," म्हणायच्या. त्या आल्या की मला बरं वाटायचं. निदान एक माणूस तरी पक्कं.

एका गुरुवारी त्यांनी दिलेला पाव भिजून लिबलिबीत झाला होता. मी तो टाकला नाही. त्या वळून पाहत होत्या, म्हणून खाल्ला.

त्या दिवशी मी फोनवर शब्द बदलला. आकडा सांगितला आणि विचारलं, "नक्की?"

वायरीतून खळखळ ऐकू येत होती आणि तिच्यामागे पुष्कळ माणसं एका खोलीत हळू बोलत असल्यासारखी कुजबुज. वायर पुलाखालून जाते, तिथे ओल असते. दोन वायरी एकमेकींना लागल्या की असं होतं. मला कुणीतरी पूर्वी सांगितलं होतं.

"नक्की," गाश्पार म्हणाला. आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुसरा शब्द. "सारोल्ता."

माझं नाव त्याला कुणी सांगितलं, देव जाणे.

त्याच संध्याकाळी कोरान्यी साहेबांनी टोपी घालता घालता विषय काढला. "महिन्याची वही तिकडच्याशी ताडून पाहिली. अकरा दिवस एकाचा फरक आहे. ते म्हणतात, कुणीतरी माणसं चोरून नेतंय. चौकशी बसतेय सोमवारी."

"फरक कसा असेल?" मी म्हणाले. माझ्या वहीत तर त्याचेच आकडे होते.

"ते तुम्ही मला सांगा. इकडे फार तर तुमची नोकरी जाईल, बाई. तिकडे त्या पोराचं काय करतील, मला विचार करवत नाही." ते दारात थांबले. "मी चांगला माणूस आहे, पण मला सही करावी लागते."

४

मृतांच्या दिवशी आप्तांच्या कबरीवर जायला एका दिवसाचा परवाना मिळतो. मी दर वर्षी अर्ज करायचे, त्या वर्षी मंजूर झाला. सकाळच्या ट्रामने शेवंतीची जुडी घेऊन मी पेश्तला गेले, आईच्या कबरीवरचा पाचोळा झाडला, दोन मेणबत्त्या लावल्या. आईशी बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं. 'मी एकाला भेटायला चाललेय,' एवढंच बोलणं झालं.

पुलाच्या पेश्त टोकाला अगदी आमच्यासारखीच लाकडी खोली होती. दारात एक उंच, किंचित वाकलेला माणूस मफलर गुंडाळून उभा होता. उजव्या हाताला तीनच बोटं. बाकीची युद्धात, रशियातल्या डॉन नदीच्या बर्फात राहिली, असं त्याने मागाहून सांगितलं.

मी काय बोलावं? म्हणाले, "एक."

तो हसला. "मी तुम्हाला जाड समजत होतो. आवाजावरून."

"आणि मी तुम्हाला बुटके."

आत चिकोरीचं कडू पाणी उकळत होतं. त्याने एकुलता कप मला दिला आणि स्वतः झाकणातून प्यायला. बाहेर शिपाई होता, तेव्हा आम्ही हळू बोललो.

"तुम्ही एकोणचाळीसच का लिहिलंत?" त्याने विचारलं.

"तुम्ही सांगितलं म्हणून. तुमची चूक उघडी पडू नये म्हणून."

त्याने कपाळाला हात लावला. "पहिल्या दिवशी तुम्ही फोनवर थांबलात ना, तेव्हाच मला कळलं तुमच्याकडे एक जास्त आलाय. म्हटलं, बाई खरं लिहिणार आणि अडकणार. म्हणून मी इकडे वहीत चाळीस केले. अकराही वेळा."

त्याला वाचवायला मी खोटं लिहिलं, मला वाचवायला त्याने. त्या दोन खोट्यांतूनच फरक पडला होता. मला हसू फुटलं आणि लगेच रडूही आलं. त्याने मफलरचं टोक पुढे केलं.

"पण मोजणी कुणाची बरोबर?" मी विचारलं.

"माझी. हाताने खांद्याला शिवून मोजतो मी."

"मीपण."

त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "इथून ट्राम पुलाच्या वळणापर्यंत दिसते. नदीतल्या बेटापाशी पूल वाकतो तिथे. दोनची ट्राम तिथे थांबते, सारोल्ता. एक श्वास घ्यावा इतकीच. ड्रायव्हर शपथेवर सांगतो की तो थांबवत नाही."

"विल्मा मावशींना विचारूया. त्या नेहमी त्याच ट्रामला असतात. काल-परवाच नाही का—"

"कोण, टोपलीवाल्या? त्यांचा पाय मोडलाय. महिना झाला, अंथरुणावर आहेत. मी आणि माझी बहीणच बटाटे नेऊन देतो त्यांना." माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो थांबला. "काय झालं?"

माझ्या जिभेवर खसखशीची चव आली.

५

पुलाच्या वळणावर रुळांवर आडवी पांढरी रेघ आहे. पेश्तच्या माणसाला तिथवर जाता येतं. चौकशीआधी मोजणी तपासायची आहे, असं शिपायाला सांगून गाश्पार माझ्याबरोबर दोनच्या ट्राममध्ये चढला. रेघेपाशी गती कमी होते, तिथे उतरणार होता.

निघण्यापूर्वी त्याने एकेकाच्या खांद्याला हात लावून सगळे मोजले. सगळ्यात शेवटी माझ्या. "एकोणचाळीस," तो म्हणाला, आणि हात तिथेच राहू दिला.

ऊन होतं. नदी राखाडी आणि शांत. कुणीतरी संत्रं सोलत होतं, सगळ्या डब्यात वास. एक बाई लेकीला रागावत होती, "बुटाने सीट मळव अजून, मग बघते." मला वाटलं, किती साधं आहे हे सगळं. आम्ही दोघं मूर्ख आहोत, आठ वर्षं आकड्यांनी डोकं फिरवलंय.

वळण आलं. चाकांचा आवाज बंद पडला.

ट्राम थांबली असं मी म्हणणार नाही. धक्का बसला नाही. फक्त आवाज गेला, संत्र्याचा वास गेला, आणि पायाला गारवा लागला, घोट्यापर्यंत.

"सरक गं बाई, म्हातारीला जागा दे," कुणीतरी म्हणालं. विल्मा मावशी माझ्या शेजारी होत्या. टोपली मांडीवर, दोन्ही पाय धड. त्यांनी प्रेमाने माझा गाल कुरवाळला. "थांब, आता होईल सगळं," त्या म्हणाल्या. बोटं थंडगार होती.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

पुढे पूल नव्हता. वाकलेलं लोखंड पाण्यातून वर आलं होतं, त्याला पाणी आपटत होतं. बुदाच्या टेकडीवर राजवाड्याला छप्पर नव्हतं, त्याच्या खिडक्यांमधून आभाळ दिसत होतं. पाण्याखाली काहीतरी पिवळं, लांबट होतं. आणि पेश्तच्या काठावर, दगडी पायऱ्यांवर, माणसं ओळीने आडवी ठेवलेली होती. त्यांच्यापुढून एक उंच माणूस, किंचित वाकलेला, सावकाश चालत होता. प्रत्येकाच्या खांद्याला तो हात लावत होता. त्या हाताला तीन बोटं होती.

शेवटच्या माणसापाशी तो थांबला. मागे वळून पुन्हा मोजायला लागला. मग उभा राहिला आणि पाण्याकडे बघत राहिला, एखादं माणूस कमी पडल्यासारखा.

माझ्या खांद्यावरचा हात घट्ट झाला. तोही त्याच खिडकीतून पाहत होता.

"उतरा," मी म्हणाले. "गाश्पार, रेघ आली. उतरा."

"नाही."

"तुमची बहीण आहे तिकडे. परत जाऊ देणार नाहीत तुम्हाला."

"माहीत आहे," तो म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते. "मी तुला सोडत नाही."

चाकं खडखडली. संत्र्याचा वास आला. त्या बाईचं रागावणं मधूनच पुढे सुरू झालं. पूल होता, ऊन होतं, समोर राजवाडा आपल्या हिरव्या घुमटासकट जागच्या जागी होता.

६

बुदाला पोचताच शिपायांनी गाश्पारला बाजूला घेतलं. तो हात वर करून शांतपणे उभा राहिला. बाकीच्यांना कोरान्यी साहेबांनी स्वतः मोजलं, पेन्सिलीने एकेकाच्या खांद्यावर टिचकी मारत. विल्मा मावशी माझ्या पुढे होत्या. त्यांच्या खांद्यावर टिचकी पडली. त्या नातवाच्या नावाने हाका मारत फाटकाबाहेर गेल्या. मी शेवटची. साहेबांनी पेन्सिल कानावर ठेवली.

"एकोणचाळीस! बरोब्बर," ते म्हणाले.

"साहेब, मला मोजलंत?"

"तुम्ही तर आमच्याच, सारोल्ताबाई." ते हसले आणि आत गेले. त्यांचं बरोबरच होतं. खात्याच्या माणसाला कोण मोजतं? पेटीतले तुकडे काढून मी पडताळा घेऊ शकले असते. घेतला नाही.

चौकशी अर्ध्या तासात उरकली. पेश्तवाल्यांनी लिहून दिलं की कारकुनाला पळायचं होतं, म्हणून तो आकडे हलवत होता. सगळा दोष त्याच्या नावावर गेला आणि फाइल बंद झाली. गाश्पारला चार महिने छावणीत ठेवलं, मग सोडलं. मी फाटकापाशी त्याचा मफलर धुऊन, इस्त्री करून घेऊन उभी होते. वसंतात आम्ही लग्न केलं. त्याच्या बहिणीचं पत्र वर्षातून दोनदा येतं. त्यातल्या निम्म्या ओळींना काळं फासलेलं असतं. तो उरलेल्या ओळी मला वाचून दाखवतो आणि मग बराच वेळ भांडी घासत बसतो.

खिडकीत त्याने काय पाहिलं, हे मी एकदाच विचारलं. तो म्हणाला, "उतरलो असतो तर मोजत राहिलो असतो." पुढे मी विचारलं नाही. पुलावरची नोकरी मी सोडली. आता शाळेत शिवण शिकवते.

परवा आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. मला सहावा महिना आहे. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. म्हातारे डॉक्टर, गमत्ये. त्यांनी लाकडी नळी माझ्या पोटावर टेकवली, कान लावला आणि डोळे मिटून हसले.

"टकटक टकटक. घोडा आहे घोडा! ऐकायचंय बापाला?"

गाश्पार गुडघ्यावर बसला, कान लावला. त्याचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही.

"आता आईचं बघू," म्हणत डॉक्टरांनी नळी माझ्या छातीवर ठेवली. ऐकलं. थोडी डावीकडे सरकवली. पुन्हा ऐकलं. नळीत फुंकर मारली, रुमालाने कान पुसला, परत टेकवली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गालिचा झटकत होतं, तेवढाच आवाज.

"श्वास घ्या बरं," ते म्हणाले. मी घेतला. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

गाश्पार उठला. त्याने हलकेच त्यांच्या हातून नळी काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. आपला तीन बोटांचा हात त्याने माझ्या छातीवर ठेवला, आणि डॉक्टरांकडे न पाहता, माझ्याकडेच पाहत म्हणाला,

"ती ठीक आहे, डॉक्टर. तुम्ही बाळाचं ऐका."